आजींच्या वाटणीचे दोन पेढे

पार्टी नको, असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे झालं त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं याबद्दल वाचणाऱ्याच्या मनात शंका राहायला नको.

ती म्हणजे माझी खोलीतली मैत्रीण. भिंगारला एका निवृत्त शिक्षिकेच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघी भाड्यानं राहायचो आणि रिक्षानं नगरच्या कॉलेजात जायचो. ती पुणतांब्याची, शेतकऱ्याची लेक, पहाटे उठून ग्राउंडवर पळणारी. मी पारनेर तालुक्यातली, राळेगणसिद्धीच्या शेजारच्या गावची. राळेगणची शिस्त आमच्या शिवेपर्यंत आली, तिथं घोटभर पाणी प्यायली आणि माघारी गेली, असं आमचे शाळेतले मास्तर माझ्याकडे बघून म्हणायचे. म्हणू देत बापडे.

तर झालं असं की पोलीस भरतीच्या यादीत तिचं नाव लागलं. तीन वर्षं ती पळत होती, गोळा फेकत होती, गणितं सोडवता सोडवता पुस्तकावरच झोपत होती. नाव लागल्याचं कळलं तेव्हा ती गुपचूप पाठ फिरवून रडली आणि मी गच्चीवर जाऊन बोंब ठोकली. दुसऱ्या दिवशी वर्गात जो तो म्हणायला लागला, "पार्टी पाहिजे." तिनं सगळ्यांना हसून टाळलं. मला मात्र खोलीवर आल्यावर नीट समजावलं.

"यादीत नाव लागलं म्हंजी नोकरी लागली असं न्हाई गं. अजून चारित्र्य पडताळनी राह्यलीय. ठान्यातनं मानूस यील, गल्लीत चार घरी इचारल, ही पोरगी कशी हाय म्हनून. तवर माज्या नावानं एक बारीकशी तक्रार बी मला नको. नंतर देऊ की पार्टी."

"हो हो, नंतर," मी म्हणाले.

पण मी तोवर बारा जणांना शनिवारचं सांगून बसले होते. काय करणार, आनंद माझ्या पोटात मावत नाही. पोटात काहीच मावत नाही म्हणा.

ती भडकली. भीती खोटी नव्हती तिची. आमच्या आधी त्या खोलीत चार कॉलेजची मुलं राहायची. त्यांनी एकदा गच्चीवर अशी पार्टी केली होती, की सकाळी शेजारच्या सुभेदार काकांच्या मोगऱ्याच्या कुंड्यांत बाटल्या उगवल्या होत्या. सुभेदार काका म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे, मिशीला पीळ देणारे. ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि दुपारच्या आत चारही मुलं सामानासकट गल्लीबाहेर गेली. तेव्हापासून 'विद्यार्थी' म्हटलं की त्या गल्लीच्या कपाळावर आठी पडायची. आम्हाला खोली मिळाली तीच मुळी बाईंनी, म्हणजे आमच्या घरमालकिणीनं, स्वतःच्या जबाबदारीवर दिली म्हणून.

शेवटी ती म्हणाली, "करायचीच तर माज्या पद्धतीनं."

आणि मग तिनं वहीचं पान फाडून असे नियम काढले, की वाचताना मला वाटलं आपण पार्टीला नाही, परीक्षेच्या हॉलमध्ये चाललोय. पाचला सुरू, आठला बंद. रविवारी सकाळी बाईंना चर्चला जायचं असतं, म्हणून आठच्या पुढं एक मिनिटसुद्धा नाही. गाड्या गल्लीच्या तोंडाशी बंद करायच्या आणि ढकलत आणायच्या. पिऊन येणाऱ्याला जिन्यावरूनच माघारी. ज्या मुलींना नगरला परत जायचंय त्यांच्यासाठी ओळखीच्या रिक्षावाल्या काकांना आधीच सांगून ठेवायचं. कचरा आपण गोळा करायचा, बाईंच्या बादलीत टाकायचा नाही. आणि शेवटचा नियम, ज्याच्याखाली तिनं दोनदा रेघ मारली होती: गल्लीतल्या प्रत्येक घरी आधी जाऊन सांगायचं, की आवाज झाला तर सांभाळून घ्या.

"आन् मागच्या आजींना बी," ती म्हणाली. "त्यांच्या सैपाकघराची खिडकी आपल्या गच्चीसमोरच हाय."

हे सांगायचं काम माझ्याकडं आलं. तिला भाजीच्या खरेदीला जायचं होतं.

आता मी जरी तशी असले तरी रीत मला कळते. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून मी अर्धा किलो पेढे घेतले. स्वच्छ ओढणी घेतली, केस विंचरले आणि शुक्रवारी संध्याकाळी दारोदार फिरले. "शनिवारी पाच वाजता आमच्याकडं छोटासा कार्यक्रम आहे. माझ्या मैत्रिणीची पोलिसात निवड झाली. सांभाळून घ्या." प्रत्येक घरात दोन पेढे. बायका तोंडभरून हसत होत्या. सुभेदार काकांनी तर मिशीखालून "शाबास" म्हटलं. मी मनात म्हणाले, बघ, लोक किती चांगले असतात, उगाच ही घाबरते.

शेवटी डब्यात दोन पेढे उरले. ते मागच्या आजींचे. पण आजींचं दार मागच्या गल्लीत, आणि तिकडं जायचं तर अख्ख्या बाजाराला वळसा. माझे पाय दुखत होते. मी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जरा टेकले. पेढे ताजे होते, वेलची घातलेले. एक खाल्ला. मग दुसरा एकटा कशाला ठेवायचा, म्हणून तोही खाल्ला.

"समद्यांना सांगितलंस?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना," मी म्हणाले. खोटं बोलताना माझा आवाज फार गोड होतो, हे आई म्हणते ते खरं असावं.

शनिवारी पावणेपाचला गच्चीवर भाजी शिजत होती, पाव चिरून झाले होते, वर्गातले बारा जण नियमाप्रमाणे गाड्या ढकलत, घामाघूम होऊन आले होते. एकानं थंडाईची मोठी बाटली आणली होती, तर हिनं झाकण उघडून तीनदा वास घेतला आणि मगच आत येऊ दिलं. मोबाईलवरची गाणी एका छोट्या स्पीकरवर लावली होती, इतकी हळू की शेजारच्याला खोकला आला तर गाणं ऐकू येत नव्हतं.

बरोब्बर पाचला जिन्यावर बुटांचा आवाज आला. सुभेदार काका. इस्त्रीचा शर्ट, हातात नारळ. मागं काकू, नवी साडी नेसलेल्या. त्यांच्या मागं सून. सुनेच्या मागं कोपऱ्यावरच्या घरातल्या दोघी जावा, ओटीचं सामान घेऊन. त्यांच्या मागं कोण, ते जिना वळत होता म्हणून दिसत नव्हतं, पण आवाज येत होता.

मैत्रीण माझ्याकडं बघायला लागली. "तू काय सांगितलंस यांना?"

"तू सांगितलंस तेच!"

"आन् हातात काय हुतं?"

"पेढे."

तिनं कपाळावर हात मारला. "अगं येडे! पेढा दिऊन दारात जाऊन सांगितलं म्हंजी बोलावनं झालं की ते! पेढा खाऊन घरी बसनारं मानूस आपल्या जिल्ह्यात तरी हाय का?"

खरंच की! लग्नाचं असो, बारशाचं असो, घरी येऊन तोंड गोड केलं की ते आमंत्रणच. न जाणं म्हणजे अपमान. मी हे लहानपणापासून बघत आले होते आणि ऐन वेळी माझ्या डोक्यात शेण भरलं होतं. अख्खी गल्ली सांभाळून घ्यायला सहकुटुंब आली होती.

पंधरा जणांची भाजी. माणसं मोजायची मी सोडून दिली. पण ती पुणतांब्याची लेक काही हलली नाही. तिनं वर्गातल्यांना डोळ्यानंच खुणावलं, ते सगळे कठड्याकडं सरकले आणि आमचे पाहुणे एका क्षणात वाढपी झाले. सुभेदारणीच्या लक्षात आलं की पातेलं लहान आहे. त्यांनी फक्त जावांकडं बघितलं. पाच मिनिटांत बायका खाली जाऊन परत आल्या: भाकऱ्या, ठेचा, कुणाची मटकीची उसळ, कुणाचा दुपारचा मसालेभात. बाई स्वतः दम खात जिना चढून आल्या, हातात केकचा डबा. "मुलींनो, मला वाटलं दहा-बारा जण असतील," त्या म्हणाल्या. "आम्हालाही बाई," मी म्हणाले.

इथवर सगळं गोड होतं. मग काकांना स्पीकर दिसला.

"ह्याला आवाज म्हणतात?" ते म्हणाले. "पलटणीत आमचा साधा हजेरीचा आवाज याहून मोठा असायचा." आणि त्यांनी बटण फिरवलं. तिनं पळत जाऊन कमी केलं. काकांनी पुन्हा वाढवलं. "काका, शेजाऱ्यांना तरास हुईल," ती हात जोडून म्हणाली. "शेजारी सगळे इथंच आहेत!" काका म्हणाले, आणि गल्लीनं टाळ्या पिटल्या. मग कुणी बाईंची पेटी वर आणली. जावांनी पदर खोचले आणि फुगडी धरली. ज्या सुभेदारांनी चार पोरं गल्लीबाहेर काढली होती, ते हात वर करून असे नाचत होते, की काकू लाजून भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. आणि आमचे बारा विद्यार्थी, ज्यांच्यासाठी ते नियमाचं पान लिहिलं होतं, ते नळाशी रांगेत बसून ताटं विसळत होते. मला तर हसून हसून उचकी लागली. मी विसरूनच गेले होते, की कशाची भीती होती.

सव्वासातच्या सुमारास पेटी अचानक थांबली. जिन्याच्या तोंडाशी हवालदार उभे होते.

मैत्रिणीचा चेहरा पांढराफटक पडला.

"तक्रार आलीय," हवालदार म्हणाले. माणूस भला दिसत होता, दिवसभर फिरून दमलेला. "कार्यक्रम कुणाचा आहे?"

"आमचाच की!" काका छाती काढून पुढं झाले. "शेजारी सगळे इथं आहेत. तक्रार करणार कोण?"

"सगळे नाहीत," हवालदार म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. "मागच्या गल्लीतल्या आजींचा फोन होता. आवाज म्हणाल्या. मी म्हटलं, आजी, आत्ता तर सात वाजलेत, अन् पेटी तर बरी वाजतीय. तर म्हणाल्या, पेटी बरी वाजतीय तेच तर. साऱ्या गल्लीला पेढा अन् माझ्या दाराला काय कुलूप होतं? खिडकीतनं सगळं बघतीय मी, माझं नावसुद्धा कुणी घेतलं नाही."

बायका हळहळल्या. म्हाताऱ्या, एकट्या माणसाला विसरलं म्हणजे काय! "कोण गेलं होतं सांगायला?" बाईंनी विचारलं.

मी भाजीच्या पातेल्याशी होते. पातेलं रिकामं होतं, तरी मी डाव फिरवत होते.

तिनं माझ्याकडं बघितलं. फार नाही, एकदाच. त्या एका नजरेत तिला जिना, डबा, मी, सगळं कळलं असणार, कारण तीन वर्षं एका खोलीत राहिल्यावर दुसरीच्या पोटातलं कळतंच. मग ती हवालदारांपुढं जाऊन उभी राहिली. ताठ.

"कार्यक्रम माजा हाय. आजींकडं जायाचं माज्याकडनं राह्यलं. चूक माजी हाय."

हवालदारांनी नाव विचारलं. तिनं सांगितलं. त्यांची भुवई वर गेली. "तूच का ती? तुझे कागद माझ्याच टेबलावर आहेत. पडताळणीला सोमवारी येणारच होतो मी." त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "बघ पोरी, तक्रार आली की मला लिहावी लागते. आजी तक्रार नाही म्हणाल्या तर मिटलं. नाहीतर हाही कागद अन् तोही कागद, एकाच टेबलावर. मला काही करता यायचं नाही."

'ती नाही, मी' एवढे तीन शब्द. मी ज्या तोंडानं बारा जणांना पार्टी वाटली, दारोदार बडबडले, त्या तोंडातून तीन शब्द निघाले नाहीत. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. गच्चीभर माणसं होती, नुकतंच सगळ्यांनी मला चांगलं म्हटलं होतं, आणि मी भित्री आहे. एवढंच.

गल्ली पांगली. आठ वाजायच्या आत गच्ची झाडून झाली, मुली रिक्षात बसल्या, बाकीच्यांनी गाड्या ढकलत नेल्या. ती आजींकडं निघाली.

"मी येते," मी म्हणाले.

"नगं. तू भांडी घास."

अर्ध्या तासानं ती परत आली. मी दारातच उभी होते. तिनं चप्पल काढली, पाय धुतले, पाणी प्यायली. चेहऱ्यावर काही नाही.

"काय म्हणाल्या?"

"सकाळी बघू म्हनल्या." आणि ती भिंतीकडं तोंड करून झोपली.

मी कशाची झोपते. तीन वर्षांचं तिचं पळणं डोळ्यांपुढून जात होतं. तिचे फाटलेले बूट, तिच्या वडिलांनी तिला सोडायला येताना डोक्यावरून आणलेलं धान्याचं पोतं. हे सगळं मी दोन पेढ्यांत घालवलं होतं. आणि ती शेजारी चक्क घोरत होती. मला वाटलं, पोलिसात जाणाऱ्यांची छाती अशीच असत असेल.

भिंगारच्या लष्करी कॅम्पातला पहाटेचा बिगुल वाजला तेव्हा मी उठलेलीच होते. तिला न उठवता बाहेर पडले आणि बाजाराला वळसा घालून मागच्या गल्लीत गेले. लांब होतं, पण इतकंही लांब नव्हतं. आजी अंगणात बसल्या होत्या. दार सताड उघडं.

मी त्यांना बोलूच दिलं नाही. उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. पार्टी मीच ठरवली, ती नको म्हणत होती. तुमच्याकडं यायचं तिनं बजावून सांगितलं होतं, मीच आळस केला. तुमच्या वाटणीचे पेढे मी जिन्यावर बसून खाल्ले आणि तिला खोटं सांगितलं. काल हवालदारांसमोर तिनं माझी चूक अंगावर घेतली आणि मी गप्प बसले. तुम्ही मला काय वाटेल ते बोला, दोन थोबाडीत द्या, पण तिच्यावर तक्रार ठेवू नका आजी, तिची नोकरी जाईल.

आजींनी शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "तक्रार? ती तर कालच मिटली. तुजी मैतरीन पाया पडली, तिच्यासमूरच म्या हवालदाराला फोन लावला. म्हनलं, न्हाई बाबा, माजीच पोर हाय."

मला काही समजेना. "मग तिनं मला का नाही सांगितलं? मी रातभर..."

"म्याच तिला इचारलं, का गं, तू तर अशी वाटत न्हाईस, मंग मला इसरलीस कशी. ती हसली नुसती. म्हनली, आजी, सकाळी बिगुल वाजला की एक पोरगी यील, रातभर जागलेली. ती समदं सांगंल. तवर मला काय इचारू नका."

माझी कानशिलं तापली. म्हणजे ते गंभीर तोंड, ते 'सकाळी बघू', ते घोरणं! वर्दी अंगावर यायच्या आधीच बयेनं पहिल्या आरोपीला कोठडीत घालून गुन्हा कबूल करून घेतला होता. असा संताप आला मला तिचा, की काय सांगू.

"आणि आले नसते तर?" मी चिडूनच विचारलं.

"त्ये म्या बी इचारलं तिला," आजी म्हणाल्या. "म्हनली, न आली तर माजीच चूक. मीच तिला चांगली समजत हुते. पन येतीच ती, तुमी दार उघडं ठिवा."

मी तिथंच पायरीवर बसले आणि लहान मुलीसारखी रडले. आजींनी रडू दिलं. मग त्या आत गेल्या आणि स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला.